जखिणीचा हंडा आणि हैबतीचे पाय

एका राज्यात हैबती नावाचा माणूस होता, आणि त्याच्या कानात एक आवाज राहत होता. चुबुक, चुबुक. नावेचं वल्हं पाण्यात पडतं आणि पाण्यातून निघतं, तो आवाज. हैबतीनं तो ऐकला त्याला बारा वर्षं झाली होती. नाव केव्हाच पैलतीरी लागली होती, नावाडी म्हातारा होऊन वारला होता, पण आवाज काही गेला नव्हता.

त्या नावेतून हैबतीची बायको मथुरा गेली होती. गेली म्हणजे, घालवली होती.

त्याचं असं झालं. त्या राज्यात अंगाच्या लवण्यावरून शकुन पाहत. पुरुषाची उजवी पापणी लवली तर शुभ, डावी लवली तर त्यानं घराबाहेर पडू नये. राजवाड्यात एक शास्त्रीबुवा होते आणि त्यांच्यापाशी एक जाडजूड पोथी होती. तळपायापासून टाळूपर्यंत कुठलं मांस लवलं म्हणजे काय होणार, ते सगळं तिच्यात लिहिलेलं. लोक शास्त्रीबुवांना विचारल्याखेरीज बैल घेत नसत आणि जावईही करत नसत.

हैबती राजाच्या लष्करात ओझी वाही. एके वर्षी राजा मुलूख मारायला निघाला. वाटेत काटेवन लागलं, वनात पायऱ्यांची विहीर लागली, आणि विहिरीच्या तळाशी एक तांब्याचा हंडा दिसला. राजानं झाकण किलकिलं करून आत बोट घातलं. आत सोनं चमकलं. ती विहीर जखिणीची होती. जखीण पायरीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझं आहे ते मला परत मिळेतो तुम्हांला स्वस्थता नाही."

तलवारवाले हसले. हंडा कुणाला उचलेना, तो हैबतीनं खांद्यावर घेतला. चालताना आत काही खुळखुळे. सोनं खुळखुळतंय, असं सगळे म्हणाले.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी हैबती उठला तो अंग लाकडाचं झालेलं. मान वळेना, बोटं मिटेनात. घटकाभरानं अंग जरा सुटलं, तर कातडीखाली ठिकठिकाणी मांस उडू लागलं. आत्ता पोटरीत, आत्ता दंडात, आत्ता पापणीत. मथुरा त्याला धरून शास्त्रीबुवांकडे घेऊन गेली.

शास्त्रीबुवांनी पाहिलं, पोथी पाहिली आणि म्हणाले, "डाव्या अंगाचं मांस लवतंय. डाव्या बाजूला उभी आहे ती तुझी बायको. ही बाई राज्याला भोवणार."

मथुरा म्हणाली, "मग मी उजवीकडे उभी राहते, शास्त्रीबुवा. डावीकडे तुम्ही या."

कुणी हसलं नाही. त्याच दिवशी तिला नावेत बसवलं. हुकूम झाला, हैबतीचं अंग लवायचं थांबेतो हिनं अलीकडे यायचं नाही. आणि लवत्या अंगाच्या माणसानं नावेत पाय ठेवायचा नाही, नाव बुडते.

हैबती काठावर आला. धावावं, नाव धरावी, म्हणून तो पाय उचलायला गेला, पण पाय उचलेना. पोटऱ्यांत गोळे आले, मांड्या ताठ झाल्या, हात खांद्यापासून बांधल्यासारखे, जबडा मिटलेला. मथुरा नावेत काठाकडे तोंड करून बसली होती. तिनं काय पाहिलं? आपला नवरा खांबासारखा उभा आहे. हात वर करत नाही, हाक मारत नाही. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं आणि मग तोंड फिरवलं. चुबुक, चुबुक.

तेव्हापासून हैबतीला एकच तहान लागली होती. तिला सांगायचं होतं, मी मुद्दाम उभा राहिलो नव्हतो गं, माझे पाय उचलेनात.

बारा वर्षं गेली. आपल्या अंगाबरोबर कसं राहायचं ते हैबती हळूहळू शिकला. सकाळी जाग आली की तो लगेच उठत नसे. आधी पायाची बोटं हलवी, मग घोटे, मग गुडघे. जणू घरातल्या म्हाताऱ्यांना एकेकाला हलकेच उठवावं. वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून सांधे शेके, तिळाच्या तेलानं पोटऱ्या चोळी. रागावलं की अंग जास्त आखडतं, घाई केली की गोळा येतो, थंडीत पाय उघडे ठेवले की दिवस फुकट जातो, हे त्याला कळलं. लोक म्हणत, "हैबती, अजून लवतंय का रे?" तो म्हणे, "लवतंय बाबा. तुझं बरं आहे ना?"

असाच एकदा तो उन्हात पाय शेकत बसला होता, तेव्हा कुडाच्या भिंतीवर एक साळुंकी येऊन बसली आणि माणसाच्या वाणीनं बोलली.

"हैबती, किती दिवस शेकणार?"

"पाय आहेत तोवर."

"मी विहिरीवरची आहे. शाप काढायचा असेल तर तीन कामं कर. हंडा मागून आण, चोरून नको. काटेवन पार कर, तोडून नको. आणि जखिणीपुढे ती सांगेल तसा उभा राहा."

"हे बारा वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"दर वर्षी येत होते. तू आपल्या पायांना शिव्या देत असायचास. मला बोलायला जागाच मिळेना."

हैबती हळूहळू उठून उभा राहिला. मग काठी घेऊन राजवाड्याकडे निघाला.

राजा सिंहासनावर होता. मुकुटाला डावीकडे मोत्यांची झालर होती, डोळ्यावर उतरलेली. अशी झालर राजा बारा वर्षं लावत होता, म्हणून दरबारात सगळ्यांनीच लावली होती. हैबतीनं हंडा मागितला. राजा म्हणाला, "खजिना मागतोस? कुठल्या तोंडानं?"

हैबतीचं लक्ष मोत्यांकडे होतं. वारा नसताना झालर थरथरत होती. तो सिंहासनाच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "महाराज, ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याची घडी ठेवावी पापणीवर. जागरण करू नये. जरा उतार पडतो."

राजा दचकला. "हळू बोल. डावा डोळा लवणाऱ्या राजानं गादी सोडावी, असं पोथीत आहे."

"महाराजांनी किती वर्षं कुणाकडे सरळ पाहिलं नाही?"

"बारा," राजा म्हणाला. "माझी मुलगी सासरी गेली, तेव्हासुद्धा नाही." त्यानं कमरेची किल्ली काढून हैबतीच्या हातात ठेवली.

तोच हंडा, तोच खांदा. हैबती काटेवनात शिरला. वनातल्या वेलींना आकडे होते आणि त्या जिवंत होत्या. हिसका दिला की आवळत. आधी आलेल्या उतावळ्यांची पागोटी जागोजागी लोंबत होती. एक वेल हैबतीच्या पोटरीला लागली आणि घट्ट झाली. ही पकड हैबतीच्या ओळखीची होती. गोळा आला की पाय ओढायचा नाही, हे त्याला बारा वर्षं ठाऊक होतं. तो खाली बसला, श्वास सोडला, वेलीवरून तळहात फिरवत राहिला. "दमानं, बाई, दमानं." वेल सैल झाली. अशा नऊशे वेली होत्या. चार दिवसांच्या वाटेला त्याला चाळीस दिवस लागले. साळुंकी पुढच्या फांदीवर बसून डुलक्या काढी.

विहिरीच्या पायरीवर जखीण बसली होती. म्हणाली, "हंडा ठेव. आता माझ्यापुढे घटकाभर निश्चल उभा राहा. एक रोमसुद्धा हलता कामा नये."

हैबतीनं हंडा ठेवला. इतक्या लांब येऊन ही अट. डोळ्यांपुढे नदी उभी राहिली, नाव उभी राहिली. त्यानं श्वास कोंडला, दात आवळले. दहा आकडे मोजेतो पोटरी उडाली, मग दंड, मग पापणी.

त्यानं श्वास सोडला. "हे माझ्यानं व्हायचं नाही, बाई. माझं अंग लवतं. शाप काढ नाहीतर राहू दे. पण मी न लवणारा आहे असं सोंग मी करणार नाही."

"याआधी शास्त्रीबुवांचे तिघे शिष्य हंड्यावाचूनच शाप काढायला आले होते. अंगाला दोऱ्या बांधून आले आणि दगडासारखे उभे राहिले. त्यांना मी दगडच केलं." जखीण उठली. "तुझ्या राज्यात कुणी तरी खरं बोलेल का, एवढंच मला पाहायचं होतं. झाकण काढ."

हैबतीनं झाकण काढलं. आत नाणी नव्हती. आत सोन्याचे मासे होते, बोटाएवढे, जिवंत. हंड्यातलं पाणी केव्हाच आटलं होतं, पण जखिणीचे मासे मरत नाहीत. बारा वर्षं ते कोरड्या तांब्यावर तडफडत होते. ते पाहून हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या कातडीखाली कोण उडत होतं, ते त्याला कळलं. "अरे लेकरांनो," तो म्हणाला आणि हंडा पाण्यात कलता केला.

मासे पाण्यात शिरले, तसं हैबतीचं अंग पायापासून मानेपर्यंत सैल होत गेलं. तिकडे दरबारात राजाची पापणी थांबली. राजानं झालर काढली, समोरच्या माणसांकडे एकेक करून पाहिलं, आणि पोथी चुलीत घालायला सांगितली. शकुनापायी ज्यांना घालवलं त्या सगळ्यांनी परत यावं, अशी दवंडी पिटली. दरबारी लोकांनीही झालरी काढल्या, आणि कुणाकुणाचं काय काय लवत होतं ते तेव्हा कळलं.

जखीण हैबतीला म्हणाली, "शाप गेला. पण बारा वर्षं आखडलेलं अंग ते. सकाळी थोडं ताठेल, मधूनच एखादी शीर उडेल. शेकत राहा."

"राहीन," हैबती म्हणाला.

तो नदीवर आला, नावेत बसला. नाव बुडाली नाही.

पैलतीरी वाळूत कलिंगडांच्या वाड्या होत्या. वेल मोडू नये म्हणून तिथे सगळे पाय जपून टाकत, एकटी मथुरा सोडून. ती सरींमधून भराभर येई, भराभर जाई. बाया म्हणत, "मथुराबाईंच्या मागे चालायचं तर घोडं पाहिजे." तिचे केस पांढरे झाले होते. हैबतीला पाहून ती थांबली.

"दवंडी ऐकली मी," ती म्हणाली. "राजानं बोलावलंय. तुम्ही कशाला आलात?"

"सांगायला आलो. त्या दिवशी मी उभा राहिलो नव्हतो. पाय उचलेनात, मथुरा. हाक मारायला तोंड उघडेना."

ती कलिंगडावरची वाळू पदरानं पुसत राहिली. 

"बारा वर्षं मी म्हणत होते, एक हात तरी वर करायचा होता."

"तोच उचलेना."

"आणि आता?"

हैबतीनं हात वर केला. खांद्याशी जरा अडखळला, पण गेला वर. बोटं थोडी थरथरली. मथुरेनं त्या बोटांकडे पाहिलं, त्याच्या तेलकट पोटऱ्यांकडे पाहिलं, हातातल्या काठीकडे पाहिलं.

मग तिनं कलिंगडाची पाटी डोक्यावर घेतली आणि वाळूतून नावेकडे चालू लागली. एक पाऊल, मग जरा थांबून दुसरं, काठी टेकत येणाऱ्या माणसालाही सहज गाठता येईल, इतकी हळू.