दोर घेऊन समुद्राला गेलेली राणी

एकदा काय झालं, एक राणी समुद्र बघायला निघाली आणि निघताना तिने बरोबर लोटा घेतला, आणि लोट्याला बांधायला लांब दोर घेतला. हसू नका. तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही दोरच घेतला असतात.

तिचं राज्य होतं घाटाच्या पार वर, उघड्या माळावर. सुकेपठार म्हणायचे त्याला. तिथे नदी नाही, ओढा नाही. होती एक बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, बरं का. पायऱ्या उतरत जायचं, उतरत जायचं, आणि शेवटच्या पायरीवरून वाकून बघितलं की आणखी खाली हे एवढंसं पाणी. मग लोट्याला दोर नको?

आणि त्या पाण्याचे दोन नियम होते. एक, पाण्याला पाय लावायचा नाही. दोन, लोटा भरून वर आला की त्यातलं ओंजळभर पाणी बारवेत परत सोडायचं आणि मगच पाठ फिरवायची. पोर चालायला लागलं की त्याला आधी हे दोन नियम शिकवायचे. राजालाही तेच आणि गुराख्यालाही तेच.

राणीचं नाव मैनावती. राजाही होता, माणूस चांगला होता, पण तो घोड्याला नाल मारून आणायला गेला होता, त्यामुळे तो काही आपल्या गोष्टीत नाही. गोष्टीत आहे राणीची सासू. राणी तिला आत्याबाई म्हणायची.

या आत्याबाई मूळच्या समुद्राकाठच्या. आठ वर्षांच्या होत्या तेव्हा लग्न झालं, घाट चढून वर आल्या, त्या पुन्हा कधी खाली उतरल्या नाहीत. आता केस पिकले, पाय थकले. वैद्यबुवा म्हणाले, घाटातले हिसके यांना सोसायचे नाहीत. आणि नेमका आत्ताच त्यांनी एक धोशा लावला होता.

"मैना, एकदा माझ्या पायाशी समुद्र यायला हवा गं. आपण नुसतं उभं राहायचं. तो आपणहून येतो, पाय धुतो आणि जातो."

झालं. दासी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पाणी कधी आपणहून येतं का? माणसाने पाण्याकडे जायचं असतं. आणि पाय? पाण्याला पाय? सगळ्या सुकेपठारात कुजबुज झाली की थोरल्या राणीसाहेबांना भ्रम झाला.

मैनावती हसली नाही. पण खरं सांगू, पटलं तिलाही नाही. फक्त तिला एक गोष्ट आठवत होती. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा दुष्काळ होता, आणि आत्याबाईंनी आपल्या वाट्याचं पाणी तिला न्हायला दिलं होतं. स्वतः तीन दिवस केस बांधून बसल्या होत्या. असं कोणी कोणासाठी करतं का? मग ती म्हणाली, "आत्याबाई, मी पहाटे जाते आणि दिवेलागणीच्या आत तुमचा समुद्र घेऊन येते."

"ओतलेला नको गं, आलेला हवा," आत्याबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण तू आणशील तो घेईन मी."

मग पहाटे गाडी जुंपली. गाडीवान होता भानाजी, म्हातारा, कमी बोलणारा. त्याने आधीच बजावून सांगितलं, "राणीसाहेब, ऊन कललं की निघायचं. अंधारात बैल घाट चढायचे नाहीत." राणीने मान हलवली.

घाट उतरला आणि समोर समुद्र. राणी बघतच राहिली.

"भानाजी, याचा काठ कुठे आहे?"

"हा काय, आपण उभे आहोत तो."

"आणि पलीकडचा?"

भानाजीने पागोटं सारखं केलं.

त्या वेळी समुद्र अगदी काठोकाठ भरला होता. दगडी धक्क्याला पाणी टेकलं होतं आणि होड्या वरखाली डुलत होत्या. राणी धक्क्यावर उभी राहिली, पाय नीट मागे घेतले, दोराने लोटा खाली सोडला आणि घरच्यासारखा भरून वर ओढला. आता नियमाप्रमाणे ओंजळभर परत सोडायचं. तिने ओंजळ पुढे केलीसुद्धा. आणि मग समोर बघितलं. पाणी, पाणी, नुसतं पाणी. हिला वाटलं, एवढ्या मोठ्याला ओंजळभराचं काय कळणार आहे? आणि जन्मात पहिल्यांदा तिने तसंच लोट्याला झाकण लावलं. चुकलंच तिचं. पण पुढे ऐका.

मग ती बाजारात गेली. तिथे तिला राणी म्हणून कोण ओळखणार? आवडी नावाची एक बाई माडाखाली चूल मांडून बसली होती. "ये गो बाये, बस," म्हणाली आणि एक हिरवागार नारळ वरून कापून तिच्या हातात दिला. राणीने आत डोकावलं तर आत पाणी. वर बघितलं तर माडाला असे वीस-पंचवीस टांगलेले. तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना. आमच्याकडे पाणी जमिनीच्या पोटात, आणि इथे ते झाडाच्या शेंड्यावर कोणी नेऊन ठेवलं? घोट घेतला तर गोड. शेवटचा घोट मात्र तिने सवयीने माडाच्या बुंध्याशी ओतला. बघा हं, माडाला परत दिलं, आणि समुद्राला नाही.

मग आवडीने तिला पांढरेशुभ्र घावणे वाढले, नारळाच्या गोड रसात बुडवून. मग तळलेली सुरमई. मग वाटीभर सोलकढी. राणी म्हणाली, "हे ताक गुलाबी कसं?" आवडी म्हणाली, "पी गो आधी." प्यायली. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा आवडीने अख्खं भांडंच जवळ सरकवलं. आता मलाच भूक लागली. जाऊ दे.

मग खरेदी. आत्याबाईंना फणसपोळी घेतली, आमसुलं घेतली, शंखांची माळ घेतली. कासारणीकडे हिरव्या बांगड्या भरल्या. एक खराटाही घेतला, तो कशाचा आहे हे न कळताच, केवळ छान सळसळतो म्हणून. लोटा काखेत होताच. दोन्ही हात भरले, पोट भरलं, मन भरलं, आणि मग ती सहज धक्क्याकडे वळून बघते तर काय?

समुद्र नाही.

सकाळी जिथे पाणी होतं तिथे ओली वाळू. होड्या कुशीवर पडलेल्या. खेकडे तुरुतुरु पळतायत. आणि समुद्र लांब, अगदी लांब, एक बारीक रेघ झालेला.

राणीच्या हातातून खराटा गळून पडला. तिने लोट्याचं झाकण उघडून आत बघितलं. लोट्यात तर लोट्याएवढंच पाणी होतं. मग बाकीचं गेलं कुठे? एक लोटा घेतला म्हणून एवढा समुद्र रुसून जाईल? आणि मग तिला ती न सोडलेली ओंजळ आठवली.

तुम्ही म्हणाल, अगं, ती ओहोटी. तुम्हाला माहीत आहे हो, तिला कुठे माहीत होतं? आणि तिथल्या कोणी सांगायचं म्हटलं तर, सूर्य मावळल्यावर तो उद्या उगवेल असं कोणी कोणाला सांगतं का?

ती धावत आवडीकडे गेली. "अहो, समुद्र गेला."

"गेलो असतलो जेवूक," आवडी घावणा उलटत म्हणाली. "बस गो, येतलो तो." म्हणजे, जेवायला गेला असेल, येईल तो.

ती कासारणीकडे गेली. कासारीण म्हणाली, "तो रोजच जाता." राणी आणखी गोंधळली. रोज? म्हणजे रोज कोणीतरी याचं पाणी घेतं आणि ओंजळ सोडत नाही?

मग ती जाळं विणत बसलेल्या एका आजोबांकडे गेली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुका कित्याक होयो तो?" तुला कशाला हवाय तो? राणीला रडूच फुटलं. या माणसांचा समुद्र आपल्यामुळे गेला आणि यांना पत्ताच नाही. उद्या होड्या कशावर चालवतील? सुरमई कुठून आणतील?

मग तिने सामान भानाजीपाशी टाकलं, लोटा उचलला आणि समुद्राच्या मागे निघाली. वाळूत एक डबकं होतं. तिला वाटलं, समुद्राचं एवढंच उरलं असेल. तिने त्यात ओंजळ सोडली. काही झालं नाही. पुढे गेली. एक बारीक ओहोळ वाळूतून वाहत होता. पाय न लागू देता ती काठाला बसली आणि त्यात ओंजळ सोडली. ओहोळ ती ओंजळ घेऊन गेला आणि समुद्र आणखी मागे सरला. राणी पुढे, समुद्र मागे. डोक्यावर ऊन आणि पायांखाली शिंपले.

शेवटी पोचली एकदाची. समोर समुद्र, हातात उरलेलं पाणी. आणि तेवढ्यात मागून भानाजीची हाक आली, "राणीसाहेब, ऊन कललं."

आता काय करायचं? पाणी ओतलं तर आत्याबाईंना काय सांगायचं? नाही ओतलं तर या सगळ्या गावाचा समुद्र आपल्या काखेत घेऊन जायचा? तिला आत्याबाईंचे ते बांधून ठेवलेले केस आठवले. मग तिने ओंजळ केली नाही. सगळा लोटा उपडा केला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "घ्या तुमचं तुम्हाला."

आता गंमत बघा. समुद्राला आजवर सगळ्यांनी काही ना काही दिलं होतं. नद्यांनी पाणी दिलं, कोळ्यांनी नारळ दिले. मासे, मीठ, शंख लोकांनी घेतलंही पुष्कळ. पण नेलेलं परत आणून देणारं कोणी आलं नव्हतं. समुद्राला कळेचना काय करावं. पुढे जावं की मागे? तो जागच्या जागी उभा राहिला. लाट नाही, फेस नाही, आवाज नाही. जाळं विणणाऱ्या आजोबांनीही मान वर केली म्हणे. कोणी म्हणेल, ओहोटी सरायची वेळच झाली होती. म्हणू दे. मी सांगते ते खरं.

मग एक छोटी लाट निघाली. हळूहळू आली, राणीच्या पायांवरून गेली, पाय धुतले, आणि निमूट मागे सरली. राणी दचकून उडालीच. मग तशीच उभी राहिली. आत्याबाईंना भ्रम झाला नव्हता. त्या खरं तेच सांगत होत्या आणि एवढी वर्षं त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. याचं तिला फार वाईट वाटलं.

पुन्हा लोटा बुडवायची मात्र तिची छाती झाली नाही. रिकामा लोटा घेऊन ती गाडीत बसली आणि गाडी घाट चढायला लागली.

दिवेलागणीला गाडी सुकेपठारात पोचली. आत्याबाई बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. दासींना सांगून त्यांनी स्वतःला खुर्चीतून तिथे उतरवून घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, समुद्र यायचा तर पाण्याच्याच घरी येईल. दासी वरून बघत होत्या आणि एकमेकींना कोपर मारत होत्या.

"आणलास?" आत्याबाईंनी विचारलं.

राणी पायऱ्या उतरून त्यांच्याजवळ बसली आणि रडायला लागली. "नाही आणला. भरलेला लोटा परत ओतला. तुमच्यासाठी काहीच उरलं नाही. फणसपोळी आणली आहे."

आत्याबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "ज्याचं त्याला दिलंस ना? मग झालं तर."

त्या असं म्हणाल्या आणि खाली अंधारात पाणी हललं.

आधी कोणाला कळलं नाही. मग पाणी वर आलं. कोणी ओढलं नाही, कोणी शेंदलं नाही. हातभर आलं, पुरुषभर आलं, आणि शेवटच्या पायरीवर आत्याबाईंच्या पावलांवरून अलगद गेलं. पाय धुतले आणि मागे सरलं.

वरून दासी ओरडल्या, "अगं बाई, पाण्याला पाय लागला."

"पाय मी नाही लावला," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या, आठ वर्षांच्या मुलीसारख्या. "ते आलं."

राणीने भीत भीत बोट बुडवून चाखलं. पाणी गोड होतं. खारट नव्हतं हं, शहाळ्यासारखं गोड.

तेव्हापासून सुकेपठारची बारव दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा उतरते, आणि आटत मात्र कधीच नाही. दोराची गरज उरली नाही. दोरावर आता गोधड्या वाळत घालतात. ओंजळ मात्र सगळे अजून परत सोडतात, राजासुद्धा. तो घोड्याला नाल मारून परत आला, आणि हे काय झालं हे त्याला अजून कळलेलं नाही. आत्याबाई पुढे पुष्कळ वर्षं जगल्या. रोज संध्याकाळी पायरीवर बसायच्या, शेजारी मैनावती बसायची, दोघी फणसपोळी खायच्या आणि पाण्याची वाट बघायच्या.

चला, आता पाय गोधडीत घ्या. ए, चुळबुळ नको. झोपही आणायला जावं लागत नाही, बरं का. आपण नुसतं पडून राहायचं. ती आपणहून पायाशी येते.