कुशीत गळ रुतलेल्या मरळीची कहाणी

ऐका डोहातल्या आसरांनो, तुमची कहाणी. नदीच्या वळणावर एक नगर होतं. तिथं बयना नांवाची भोईण राही. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोटी एकच लेक, ठकी. बयना डोहात गळ टाकी, मिळेल त्यावर घर चाले.

मरतांना सासूनं तिला वसा दिला होता. ज्या मासळीनं आमिष तोंडी घेतलं, ती आपली. जिच्या कुशीत, पोहायच्या परांत गळ रुतला, तिनं काही मागितलं नव्हतं. तिला हळद लावून सोडावी.

कोणे एके दिवशी घरात दाणा नव्हता. सांजेपर्यंत गळाला एकच मरळ आली. मोठी थोरली, पण गळ कुशीत. बयनेनं मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय होतं? मग तिनं मरळ घरी नेली, चिरली, रांधली. दोघं जेवली. ठकीनं घास घेतला नाही, तशीच निजली.

सकाळी पोर उठली ती वाकडी. म्हणाली, "आई, माझ्या कुशीला कुणी ओढतंय." आणि आडवी आडवी डोहाकडे चालूं लागली. बयनेनं हात धरला, हात सुटला. पदरानं बांधली, पदर फाटला. दाव्यानं मेढीला बांधली, तर मेढच डोहाकडे कलली.

मग बयना काठावर धावली. वारा नव्हता. पाण्यावर सात बाया केस सोडून बसलेल्या, सावली एकीचीही नाही. बयनेनं पाय धरले, चूक सांगितली. थोरली म्हणाली, "त्या मरळीनं तोंड लावलं नव्हतं, तूं ओढलीस. तुझ्या लेकीनंही घास घेतला नाही. आम्ही ओढतो."

उपाय विचारला, तर म्हणाली, टाकलेला वसा पुन्हा धर. आणि पाणी मोकळं झालं.

बयनेनं गळ टाकला. पहिलीच्या परांत रुतला, तिनं सोडली. दुसरीच्या शेपटीत रुतला, तिनं सोडली. तिसरी आली ती पोट फाटलेली. धुणं धुणारी शेजारीण म्हणाली, ही तर मरणारच, घरी ने. बयनेचा हात अडला. उपाशी नवरा आठवला. मग म्हणाली, "जगणं मरणं तिचं. माझी ती नव्हे."

हळद लावली, सोडली. मासळी उताणी तरंगली. मग खालून एक पांढरा हात आला, आणि न्हाऊ घातलेलं बाळ उचलावं तशी तिला घेऊन गेला.

बयना घरी आली. ठकी सरळ उभी होती, भूक लागली म्हणत होती. त्या दिवसापासून मासळी तोंडानं गळाला लागूं लागली. नवरा उठून बसला, चूल विझली नाही.

आसरा बयनेवर कोपल्या तशा कुणावर न कोपोत. तिला पावल्या तशा तुम्हां आम्हां पावोत. ही डोहाची कहाणी सांगणारीच्या मुखी संपूर्ण, ऐकणारीच्या पदरी सुफळ.