घळीच्या पलीकडचा पट्टा

डोंगराच्या कुशीत पसरलेल्या एका जंगलात एक मैना राहत असे, आणि गप्प बसणे म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हते. कोकिळेचा सूर काढावा तर तिनेच, वानराचे खेकसणे काढावे तर तिनेच. एकदा तिने गव्याच्या शिंकेची अशी हुबेहूब नक्कल केली, की खुद्द गवाच दचकून मागे वळला! मुलांनो, अशा पाखराला काम कोणते मिळणार? अर्थातच दवंडीचे. जंगलाच्या पंचायतीची दवंडी तीच देत असे. सरपंच होता तो गवा, अंगाने धिप्पाड आणि मनाने साधा. पण त्याला एक खोड होती. आजोबांच्या वेळेपासून जे चालत आले त्यात तसूभरही बदल करायचा नाही. पंचायत बसायची ती उंबराखालीच, आणि तीही ऊन डोक्यावर आल्यावरच.

पंचायतीचे सगळ्यांत मोठे काम म्हणजे उन्हाळ्यातला पट्टा. माळावरचे गवत एकदा वाळले की वणवा केव्हा पेटेल याचा नेम नसे. म्हणून जंगलाच्या कडेने पाचोळा सारून, गवत उपटून, मोकळ्या मातीचा रुंद पट्टा करायचा. आग तिथवर आली की तिला खायला काही उरत नाही आणि ती जागच्या जागी विझते. यंदा या पट्ट्यात मैनेचा जीव अडकला होता. पट्ट्याला लागूनच असलेल्या एका जुन्या ऐनाच्या झाडाच्या ढोलीत तिची पिल्ले होती, जेमतेम पंख फुटू लागलेली. आग आलीच तर मैना उडून जाईल हो, पण पिल्ले कुठे जाणार?

आणि पट्टा तर अजून अर्धाच झाला होता! हरणे खुरांनी पाचोळा उडवीत, रानडुकरे सुळ्यांनी माती उकरीत, पण काम काही सरकेना. जंगलाच्या टोकाला एक खोल घळ होती. दूरचे एक जंगल तुटले तेव्हा तिथली साळिंदरे आणि वटवाघळे या घळीत येऊन राहिली होती. साळिंदरे गुरगुरून आणि काटे खुळखुळवून बोलत, तर वटवाघळे बारीक चिरक्या आवाजात. त्यांचे बोलणे जंगलात कुणाला कळत नसे, आणि ती मंडळी पट्ट्याच्या कामालाही कधी येत नसत.

"फळं आमच्या जंगलाची खायची आणि कामाच्या वेळी गुल व्हायचं!" उपसरपंच वानर झाडावरून ओरडे.

सभा बोलावली तरी निम्मी जागा रिकामीच. गवा मान वर करून पाही, सुस्कारा टाकी आणि म्हणे, "गणपूर्ती नाही. सभा तहकूब!"

मैनेच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. "सरपंचदादा, त्यांना आपलं बोलणं कळतच नाही, तर ते येतील कसे? मी त्यांच्या भाषेत दवंडी देते!"

"तुला येते त्यांची भाषा?"

"येत नाही, पण येईल!"

आणि आलीसुद्धा! रोज संध्याकाळी ती घळीजवळच्या झुडपात दडून बसे आणि कान टवकारून ऐके. काट्यांचा खुळखुळाट घशातून काढता काढता बिचारीचा घसा बसला, पण तिने पिच्छा सोडला नाही. अखेर एका सकाळी ती घळीच्या काठावर जाऊन बसली आणि आधी साळिंदरांच्या, मग वटवाघळांच्या बोलीत खणखणीत ओरडली, "ऐका हो ऐका! उद्या ऊन डोक्यावर आलं की उंबराखाली सभा! पट्ट्याच्या कामाला सर्वांनी यावं!" काय तो उच्चार, काय तो ठेका! परतताना तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की वाटेत तिने दोन गिरक्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आले. उंबराखाली नेहमीची मंडळी जमली. मैना एकसारखी घळीच्या वाटेकडे पाहत होती. वाटेवर कोणी दिसेना. ऊन कलले तरी कोणी दिसेना.

"वा, मैनाबाई! काय गर्दी, काय गर्दी! पाय ठेवायला जागा नाही!" वानर म्हणाला आणि सगळे हसले. गव्याने मान हलवली. "तहकूब."

मैनेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिवस मावळतो न मावळतो तोच ती घळीत उतरली. बिळाच्या तोंडाशी एक साळिंदरीण कंद कुरतडत बसली होती.

"साळूताई, माझी दवंडी ऐकू आली नाही का तुम्हांला?" मैनेने फणकाऱ्याने तिच्याच बोलीत विचारले.

"आली की! अगदी माझ्या मावशीचा आवाज वाटला. आम्ही सगळे झोपेतून दचकून उठलो."

"मग आला का नाहीत?"

"अगं बाई, भर दुपारी आमचे डोळे तरी उघडतात का? आणि त्या वटवाघळांकडे बघ, दिवसभर उलटी टांगलेली. ऊन डोक्यावर आलं म्हणजे त्यांच्या हिशेबानं ते पायांवर आलं!" साळूताईने काटे खुळखुळवले. ती हसत होती हे मैनेला उशिरा कळले. मग मात्र तिचा आवाज उतरला. "शिवाय तू नुसतं सांगून गेलीस. आम्हांला काय वाटतं, ते विचारायला आजवर कुणी आलं नाही. आम्हांलाही सांगायचंय काहीतरी."

"काय ते?"

"ते सरपंचांसमोर सांगू. इथे, आमच्या दारात, दिवस मावळल्यावर."

मैना ओशाळली. इतके दिवस झुडपात बसून तिने त्यांचे शब्द तेवढे पाठ केले होते, एकदाही विचारपूस केली नव्हती. ती तडक गव्याकडे उडाली आणि धापा टाकत म्हणाली, "दादा, पंचायत घळीत भरवायची!"

"घळीत? छे छे! पंचायत उंबराखाली बसते. माझ्या आजोबांपासून."

"पण दादा, उंबर काही चालत आपल्याकडे आला नव्हता. आपणच त्याच्याकडे गेलो होतो!"

गव्याला जे हसू फुटले, त्याने उंबराची दोन-चार फळे टपाटप खाली पडली. "बरं बाई! आता आपणच घळीकडे जाऊ!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घळीत जी धांदल उडाली ती काय सांगावी! गव्याची शिंगे वेलींत अडकली आणि ती सोडवायला वानराला यावे लागले. साळिंदरे पोरांबाळांसह बिळांतून बाहेर आली. वटवाघळे जागी होऊन फांद्यांवर दाटीवाटीने लोंबू लागली. साळूताई पुढे झाली आणि बोलू लागली. सगळ्यांचे डोळे मैनेकडे लागले.

साळूताई म्हणत होती, "तुमचा पट्टा घळीच्या अलीकडून जातो. आमची घरं आगीच्या बाजूला राहतात. वणवा आला की तुमचं जंगल वाचेल आणि आमच्या बिळांत धूर भरेल. आमच्या लेकरांना बाहेर ठेवणारं काम आमच्याच हातून कसं व्हावं? पट्टा घळीच्या पलीकडून न्या. मग आम्ही सगळे येतो."

या पट्ट्यावरून मैना रोज उडत होती, पण ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती! आणि लगेच दुसरा विचार आला. पट्टा पलीकडून न्यायचा म्हणजे नव्याने सुरुवात. काम लांबणार. तेवढ्यात वणवा आला तर? ऐनाच्या ढोलीतली तिची पिल्ले!

घळीत दोन्हीकडच्या भाषा येणारी ती एकटीच होती. "येतो म्हणतात, फक्त सभा संध्याकाळी घ्या म्हणतात," एवढेच सांगितले असते तर कुणाला कळले असते? जुना पट्टा झटपट पुरा झाला असता, पिल्ले वाचली असती, वर तिचीच वाहवा झाली असती. मैनेने चोच उघडली आणि तशीच ठेवली.

"काय म्हणते ती?" गव्याने विचारले.

मैनेने खाली पाहिले. साळूताईच्या पोटाशी एक पिल्लू बिलगले होते. त्याचे काटे अजून कोवळे, लवलवते होते. मैनेला ढोलीतले कोवळे पंख आठवले. मग तिने एक शब्द न गाळता, साळूताईच्या तळमळीसकट, सगळेच्या सगळे सांगितले.

गव्याने मान खाली घातली.

"आजोबांनी पट्टा आखला तेव्हा ही घळ रिकामी होती," तो अखेर म्हणाला. "आता ती रिकामी नाही. हे मला दिसायला हवं होतं. ज्यांना आपण बाहेर ठेवतोय त्यांनाच कामाला बोलावत होतो, आणि येत नाहीत म्हणून रागावत होतो!"

"पण सरपंच," वानर ओरडला, "नवा पट्टा लांबलचक! तो पुरा व्हायच्या आत आग आली तर?"

गवा मैनेकडे वळला. "तुझी पिल्लं त्या ऐनात आहेत ना? तू सांग, काय करायचं?"

"पलीकडून न्या!" मैना म्हणाली. "आणि आत्ताच्या आत्ता सुरू करा!"

आणि मुलांनो, मग काय झाले ठाऊक आहे? दिवसा हरणे, डुकरे, वानरे आणि गवा पाचोळा उडवीत. दिवस मावळला की ती थकून बसत आणि साळिंदरे ताजीतवानी होऊन येत! त्यांनी नखांनी गवताचे गड्डेच्या गड्डे उपटून काढले. वटवाघळांना माती उकरता येत नाही. पण रोज तिन्हीसांजेला ती माळावरून उडत, तेव्हा आगीवर नजर ठेवायचे काम त्यांनी आपणहून उचलले. दिवसपाळी आणि रातपाळी! पट्टा सरसर पुढे धावू लागला. जंगलाने असे काम आजवर पाहिले नव्हते. मैना तर इकडून तिकडे निरोप देऊन देऊन हैराण झाली, पण खूश होती.

पट्ट्याचा शेवटचा तुकडा राहिला होता, करवंदीच्या जाळीपाशी. सूर्य नुकताच बुडाला होता. एवढ्यात नुकतीच माळाकडे गेलेली वटवाघळे किंचाळत माघारी आली.

"आग! माळावर आग!" मैना दोन्ही भाषांत ओरडली.

वारा जंगलाकडेच वाहत होता. दिवसपाळी घरी गेली नव्हती, रातपाळी येऊन पोचली होती. आजवर कधीच एकत्र काम न केलेले ते सगळे एकदमच जाळीवर तुटून पडले. गव्याने शिंगांनी करवंदी उपटली, साळिंदरांनी मुळे कुरतडली, वानरांनी काटेरी फांद्या ओढून माळाकडे फेकल्या. माती, धूळ, धूर! "आणखी थोडं! आणखी थोडं!" मैना ओरडत होती, एकदा या भाषेत, एकदा त्या.

आग गवतावरून धावत आली, पट्ट्यापाशी आली, कडाडून उंच उठली आणि... बसली! खायला काही नाही म्हटल्यावर ती मुकाट्याने बसली! तेवढ्यात एक ठिणगी वाऱ्यावर उडाली आणि थेट ऐनाच्या बुंध्याशी पाचोळ्यात पडली. मैना किंचाळली. पण साळूताई तिथे आधीच पोचली होती. तिने मागच्या पायांनी मातीचा असा काही मारा केला, की ठिणगीचे नावनिशाण उरले नाही. वर ढोलीत पिल्ले चिवचिवत होती, भूक लागली म्हणून!

सगळे नाचले, ओरडले, एकमेकांच्या अंगावरची राख झटकत हसले. गर्दीतून वाट काढत मैना साळूताईजवळ आली. तिला काही बोलताच येईना, आणि मैनेच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होते.

साळूताईच बोलली. "त्या दिवशी सभेत तू जरा थांबली होतीस."

मैना चपापली.

"मला तुमचं बोलता येत नाही गं, पण कळतं. इतके दिवस कानांवर पडतंय. तू काय सांगतेस ते मी नीट ऐकत होते. तुझी पिल्लं ऐनात आहेत हेही मला ठाऊक होतं." साळूताईने हळूच काटे खुळखुळवले. "तू सगळं सांगितलंस. म्हणून तर आम्ही सगळे कामाला आलो."

पुढची सभा दिवस मावळताना घळीच्या तोंडाशी भरली, म्हणजे दिवसा जागणाऱ्यांनाही यावे आणि रात्री जागणाऱ्यांनाही. सरपंचाने शिंगात शिरीषाच्या वाळक्या शेंगांचा झुबका अडकवला होता. तो त्याने खुळखुळ वाजवून दाखवला. साळिंदरांच्या भाषेत त्याला "या, बसा" म्हणायचे होते. ते त्याला मुळीच साधले नाही. पण साळिंदरांची पोरे हसून हसून लोळली आणि त्याच्या पायांशीच येऊन बसली. जागा अपुरी पडली म्हणून वानराला उठून फांदीवर जावे लागले. गणपूर्ती झाली का, हे विचारायचे त्या दिवशी सगळेच विसरले.

तात्पर्य : दुसऱ्याच्या भाषेत नुसते सांगून भागत नाही, जी पंचायत त्याच्या दारी जाऊन त्याचे म्हणणे पुरते ऐकते आणि त्याचे घरही आपल्या कुंपणाच्या आत घेते, तीच सगळ्यांची पंचायत होते.