दगडी मूठ

डोंगर आजच्यापेक्षा थोडे उंच होते, तेव्हाची ही गोष्ट. चुनखडीच्या एका घळीतल्या गुहेत एक सायाळ राहायची. जुनी हाडं कुरतडून दात झिजवायचे, ही सायाळींची रीत. म्हणून ती सतत गुहेची जमीन उकरत बसे.

एकदा घळीतली नदी फुगली. बीळ बुडालेलं एक खवल्या मांजर, शेपटीवर पिल्लू घेऊन दारात आलं. "सायाळबाई, पाणी ओसरेपर्यंत टेकू द्या."

सायाळीने काटे फुलवले. "सात पिढ्या इथं नांदलो आम्ही! दुसरीकडे बघ."

आणि रागारागाने तिने दारातलंच एक हाड उपसलं. तो माणसाचा पंजा निघाला. मुठीत दगडी कुऱ्हाड होती. वरून ठिबकणाऱ्या चुन्याने मूठ आणि कुऱ्हाड एकजीव झाली होती. दात लागेना.

"हा कोण होता गं?" तिने छताला लटकलेल्या म्हाताऱ्या वटवाघळीला विचारलं.

"इथला मालक. दारातच बसायचा, कुणाला आत येऊ द्यायचा नाही."

"कुणाला म्हणजे?"

"आमच्यात सांगतात, भिजून आलेल्या एका सायाळीला."

सायाळीने ती मूठ खाली ठेवली. तिचे काटे हळूहळू खाली बसले.

"आत सरक," ती खवल्या मांजराला म्हणाली, "दारात ठिबकतं."