एका बासरीवर दोघे

नदीकाठच्या एका गावी हरिहरबुवा नावाचे एक वृद्ध बासरीवादक राहत असत. त्यांच्याजवळ वामन नावाचा शिष्य नऊ वर्षे शिकत होता. त्याची बोटे विलक्षण तयार होती. अवघड ताना तो सहज वाजवी. बुवांच्या मागे त्यांची जागा आपलीच, असे त्याने मनाशी धरले होते आणि गावही तसेच समजत होते.

एके वर्षी भिवा नावाचा बुरूड शिकायला आला. चाळिशी ओलांडलेला, दिवसभर टोपल्या नि सुपे विणणारा माणूस. पहिले सहा महिने बुवांनी त्याला एकच षड्ज लांबवायला लावला. वामनला त्याची कीव येई. मग एके सकाळी भिवाचा तो षड्ज असा लागला, की सुपारी कातरणाऱ्या बुवांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि डोळे मिटले. वामनच्या वादनाला त्यांनी अनेकदा मान डोलावली होती, शाबासकीही दिली होती. डोळे मात्र कधी मिटले नव्हते.

त्या दिवसापासून वामनला घास गोड लागेना. रियाजाला बसला की तो आपली फुंकर भिवाच्या फुंकरीशी ताडून पाही, आणि दर वेळी आपली त्याला खरखरीत वाटे. भिवा कुठे चुकला की बरे वाटे. बरे वाटल्याची लाजही वाटे, पण ती फार वेळ टिकत नसे.

हळूहळू भिवा रागही वाजवू लागला. चैत्रातल्या उत्सवात देवळातली पहाटेची सेवा दरवर्षी वामन वाजवी. बुवा म्हणाले, यंदा भिवा वाजवील. दोन दिवसांनी वामनने भिवाला नदीवर गाठले आणि अगदी आपलेपणाने सांगितले, की तुमचा सूर खाली पडतो, या वयात कान तयार होत नाही, आणि गुरुजी भिडेपोटी हे तुम्हाला बोलत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भिवा शिकायला आला नाही.

आठवडा गेला. बुवांनी चौकशी केली, तेव्हा कामातून सवड होत नसेल, असे वामन म्हणाला. बुवांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले, काठी घेतली आणि त्याला बरोबर घेऊन भिवाचे घर गाठले.

भिवा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. बुवांनी त्याला न येण्याचे कारण विचारले नाही. स्वतःची बासरी त्याच्या हाती दिली, वामनला त्याच्या शेजारी बसवले आणि म्हणाले, "भिवा, तू फक्त फुंक. बोटं वामन ठेवील. भूप वाजवा."

दोघेही गोंधळले, पण गुरूची आज्ञा होती. प्रथम सारे विस्कटले. भिवाचा श्वास संपे, तरी वामनची बोटे मुक्या छिद्रांवर उगीच धावत राहत. मग वामनला थांबावे लागले. भिवा श्वास केव्हा घेतो, केव्हा सोडतो, याकडे त्याला लक्ष द्यावे लागले. हळूहळू भूप उभा राहू लागला. वळणे वामनची होती, नाद भिवाचा. असा भूप दोघांपैकी कोणाकडूनच आजवर वाजला नव्हता. भिवाची बायको हातातले काम तसेच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

वादन थांबल्यावर बुवांनी वामनला विचारले, "वाजवताना भिवाची फुंकर चुकावी, असं तुला एकदा तरी वाटलं?"

"नाही, गुरुजी. ती चुकली असती तर माझी बोटं फुकट गेली असती."

"मग बासऱ्या दोन झाल्या की तसं का वाटतं?" बुवा शांतपणे म्हणाले. "सूर त्याच्या मालकीचा नाही, माझ्याही नाही. आज तो ज्याच्याकडे उतरला, त्याला कान द्यायचा की त्याच्यावर डोळा ठेवायचा, एवढंच तुझ्या हाती आहे. गेले कित्येक महिने तू डोळा ठेवलास. वाजवताना तुझं चित्त दुसऱ्याच्या दारात असतं, म्हणून तुझी फुंकर खरखरते."

नदीवरच्या बोलण्याचा कोणी उल्लेखही केला नव्हता. वामन गप्प राहिला असता तरी चालले असते. पण तो भिवाकडे वळला.

"भिवाभाऊ, मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचा सूर खाली नव्हता. तो मला सहन होत नव्हता."

भिवाने कामटीवरून बोट फिरवले. "सूर खरा आहे, असं माझा कान सांगत होता," तो म्हणाला. "पण तुम्ही नऊ वर्षं शिकलेले, मी कालचा. म्हणून मी कानालाच खोटं ठरवलं. आठ दिवस बासरीला हात लावला नाही."

वामनने बासरी पुन्हा भिवाच्या हाती ठेवली.

उत्सवाच्या पहाटे भिवा वाजवायला बसला. वामन श्रोत्यांत होता. पहिल्याच सुराला लोकांनी दाद दिली आणि वामनच्या छातीत तीच जुनी कळ उठली. त्याने ती दाबली नाही. मान खाली घालून तो ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले, की भिवा आता कुठे वळणार, याची आपण उत्सुकतेने वाट पाहत आहोत.

मत्सर न विचारता येतो. तो आल्यावरही ऐकत राहणे मात्र आपल्या हाती असते.