उतारावरची कोरांटी

"बुवा, कोरांटी माझ्यावर रुसली आहे का?"

जनार्दन सबनीस रिकामी झारी हातात घेऊनच ओट्यापाशी आले. मठाचे महाराज दादाबुवा शेंगा सोलत बसले होते.

"का रे?"

"रोज पाणी घालतो, तरी पिवळी पडत चाललीय."

सबनीस एका मोठ्या शहरातल्या बागेचे अधीक्षक होते. त्यांच्या हिरवळीला बक्षिसं मिळायची. निवृत्त झाल्यावर ते माणदेशातल्या या उघड्या टेकडीवरच्या मठात सेवेला आले. सेवा म्हणजे मठाला चार गोष्टी शिकवणं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

मठासमोरच्या उताराची माती दर पावसात वाहून जायची. गेल्या पावसात तर बुवांच्या गुरूंच्या समाधीचा दगडच कलंडला. तेव्हा बुवांनी सांगितलं होतं, "उतारावर कोरांटी लाव. दाट लाव. शेंडे खुडत राहा, म्हणजे उंच न जाता पसरेल. रुजेपर्यंत पाणी घाल. मग विसरून जा."

सबनीसांनी सगळं केलं. फक्त विसरले नाहीत.

उन्हाळा लागला तसे ते खालच्या विहिरीवरून कावडीने पाणी वाहू लागले. सकाळी घालत, संध्याकाळी घालत. झाडं पिवळी पडू लागल्यावर त्यांनी दुपारचंही सुरू केलं.

"मुळं कुजतायत," बुवा म्हणाले. "पाणी बंद कर."

"या उन्हात? अहो, या हातांनी मी गुलाब फुलवलेत!"

"ही गुलाब नाही."

"ती मेली तर समाधी जाईल, बुवा. आणि लोक म्हणतील, सबनीसांनी लावलेली..."

बुवांनी वर पाहिलं.

"बैस. उन्हातून आलास. पाणी पी."

बुवांनी माठातून तांब्या भरून दिला. सबनीसांनी तो संपवला. बुवांनी पुन्हा भरला.

गुरूच्या हातचं नाही कसं म्हणायचं? सबनीस प्यायले.

बुवांनी आणखी एक भरला.

"बुवा, आता तहान नाही हो."

"मला बघवत नाही रे. किती कोरडा दिसतोस!"

सबनीस पीत राहिले. पोट नगाऱ्यासारखं झालं. त्यांनी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार टाकला, मग उगाच आभाळाकडे पाहिलं... आणि एकदम धोतर सावरत धावत सुटले.

"उताराकडे नको रे!" बुवा ओट्यावरून ओरडले. "तिचं पाणी बंद केलंय!"

त्या दिवसापासून सबनीसांनी कावड उचलली नाही. पण हात शिवशिवत. झारी उचलत, दोन पावलं जात, परत येऊन ठेवत. शेवटी ते उताराकडे पाठ करून जेवायला बसू लागले. वळवाचे ढग आले तेव्हा ढगांवरही रागावले.

काही झाडं मेली. उरलेल्यांनी जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फोडली आणि मोकळी जागा भरून काढली. पावसाळ्यात उतारावरून पाणी आलं ते गढूळ नव्हतं. समाधीचा दगड जागचा हलला नाही. कार्तिकात सगळा उतार पिवळ्या फुलांनी भरून गेला.

दर्शनाला आलेल्या एक बाई उतारापाशी थांबल्याच.

"अगं बाई! या खडकावर एवढी फुलं? कोणी वाढवली?"

सबनीस पुढे झाले. डोळे मिटले. हात जोडले.

"मी काहीच केलं नाही."

बाईंना ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं. "मी काहीच केलं नाही." मग मागच्या मंडळींसाठी आणखी एकदा.

बाईंनी गोंधळून बुवांकडे पाहिलं. "खरंच का हो, महाराज?"

"खरं आहे," बुवा म्हणाले. "पण त्यासाठी त्यानं फार कष्ट घेतले हो."