चिटकीच्या खाटेचा पाय

भिवाकाका सुतार. काकांच्या कारखान्यामागे जांभळाचं झाड. झाडाच्या ढोलीत राहायची चिटकी खार. चिटकीची दोन बाळं. बाळांची इवलीशी खाट.

एकदा काय झालं, दुपारी बाळं झोपली. आणि कटाक्. खाटेचा पाय मोडला. खाट झाली तिरकी. बाळं घसरली. सुर्रर्र, धप.

पुन्हा वर चढली. पुन्हा घसरली. सुर्रर्र, धप.

"आई, आम्हाला झोपायचंय," बाळं म्हणाली.

चिटकीने शोधून आणला नवा पाय. लाकडाचा, गुळगुळीत. पण त्याला भोकच नाही. खाटेची दांडी घालायची कुठे? दांडी चौकोनी. भोक हवं चौकोनी.

चिटकीने पाय घेतला काखेत. निघाली काकांकडे. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

"काका, काका, भोक पाडा ना.
खाटेला पाय लागेना,
बाळांना झोप येईना."

काका म्हणाले, "पाडलं असतं गं चिटके. पण भोकाचं मशीन चालेना. मशीन चालेल, तेव्हा मी पाडीन."

चिटकी गेली मशीनकडे. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

"मशीन, मशीन, तू चाल ना.
काका भोक पाडेनात,
खाटेला पाय लागेना,
बाळांना झोप येईना."

मशीन म्हणालं, "घूं. कसं चालू? माझी छिन्नी तापलीय. धूर निघतोय. छिन्नी निवेल, तेव्हा मी चालेन."

चिटकी गेली छिन्नीकडे. चौकोनी छिन्नी, पोट पोकळ. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

"छिन्नी, छिन्नी, तू निव ना.
मशीन चालेना,
काका भोक पाडेनात,
खाटेला पाय लागेना,
बाळांना झोप येईना."

छिन्नी म्हणाली, "हाशहुश. कशी निवू? माझ्या पोटात गिरमिट. ते मला घासतंय. भुसा अडकलाय. गिरमिट खाली सरकेल, तेव्हा मी निवेन."

चिटकीने पोटात डोकावून पाहिलं. आत गिरमिट. पीळ घातलेलं, लांबच लांब.

"गिरमिट, गिरमिट, तू सरक ना.
छिन्नी निवेना,
मशीन चालेना,
काका भोक पाडेनात,
खाटेला पाय लागेना,
बाळांना झोप येईना."

गिरमिट म्हणालं, "करकर. किती सरकू? जास्त नको, कमी नको. काकांच्या मापाच्या चकतीएवढंच हवं. चकती येईल, तेव्हा मी सरकेन."

चकती कुठाय, चकती कुठाय? भुशाच्या ढिगात. चिटकी गेली ढिगाकडे. तुडुक तुडुक, तुडुक तुडुक.

"चकती, चकती, तू ये ना.
गिरमिट सरकेना,
छिन्नी निवेना,
मशीन चालेना,
काका भोक पाडेनात,
खाटेला पाय लागेना,
बाळांना झोप येईना."

चकती आतून म्हणाली, "टिंग. कशी येऊ? माझ्यावर कोंबडी बसलीय. कोंबडी उठेल, तेव्हा मी येईन."

चिटकीने वर पाहिलं. ढिगावर कोंबडी. डोळे मिटून, पिसं फुगवून.

"कोंबडी, कोंबडी, तू ऊठ ना.
चकती येईना,
गिरमिट सरकेना,
छिन्नी निवेना,
मशीन चालेना,
काका भोक पाडेनात,
खाटेला पाय लागेना,
बाळांना झोप येईना."

कोंबडी म्हणाली, "क्वॉक. कशाला उठू? भुसा मऊ मऊ. खाली काहीतरी गोल गोल. मला वाटतं, अंडंच आहे. काकू दाणे टाकतील, तेव्हा मी उठेन."

चिटकी दमली. शेपूट लोंबलं. तरी निघाली. तुडुक... तुडुक.

अंगणात ताराकाकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, काकू, दाणे टाका ना.
कोंबडी उठेना,
चकती येईना,
गिरमिट सरकेना,
छिन्नी निवेना,
मशीन चालेना,
काका भोक पाडेनात,
खाटेला पाय लागेना,
बाळांना झोप येईना."

काकू म्हणाल्या, "दम खा जरा, बाळा. दाणेच ना? टाकते की."

काकूंनी मूठभर दाणे टाकले. टपटप, टपटप.

कोंबडी उठली. दाण्यांकडे पळाली. चकती सुटली. घळंग घळंग घळंग. थांबली काकांच्या पायाशी.

"इथे होतीस होय," काका म्हणाले.

काकांनी मशीनची वीज बंद केली. छिन्नीतला भुसा झटकला. छिन्नी आणि गिरमिट सैल केलं. छिन्नीच्या खांद्याशी चकती ठेवली. गिरमिट वर ढकललं. गच्च आवळलं. चकती काढली. छिन्नी वर सरकवली. आता गिरमिट जरा खाली. बरोबर चकतीएवढं. छिन्नी सरळ आहे का? आहे. तीही गच्च आवळली.

मग काकांनी चिटकीकडून खाटेचा पाय घेऊन छिन्नीखाली ठेवला. मशीन सुरू करून दांडा ओढला. घूं घूं, करकर. भुसा उडाला भुरभुर भुरभुर. धूर नाही. पायाला पडलं भोक, छान चौकोनी.

"हा घे तुझा पाय," काका म्हणाले.

चिटकी झाडावर चढली. तुडुक तुडुक तुडुक तुडुक. दांडी भोकात घातली. डोक्याने ढकलली. टक्. बसली.

कोंबडी उठली,
चकती आली,
गिरमिट सरकलं,
छिन्नी निवली,
मशीन चाललं,
काकांनी भोक पाडलं,
खाटेला पाय लागला,
बाळांना झोप आली.

चिटकी बाळांच्या मध्ये शिरली. शेपटीचं केलं पांघरूण.

खाट टेकली पायांवर, गोष्ट टेकली उशीवर.